फॉर्म नंबर तेवीस

"चाळीसच्या चाळीस फॉर्म तू घरी बसून भरलेत," गावंडे सरांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "सगळीकडे एकच अक्षर. आम्हाला काय खुळं समजतेस?"

"सर, बायका मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात मातीचे. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले," प्रणाली म्हणाली. अमरावतीहून दर्यापूरकडच्या खेड्यांत जीपमध्ये कोंबून घेऊन तिनं सर्वेक्षणासाठी दोन महिने चकरा मारल्या होत्या. विषय होता, मुलांचा ऑनलाइन अभ्यास आणि आईच्या हातातला मोबाइल. सरांची सही झाली तर प्रबंध जमा, नाहीतर वर्ष गेलं. आणि सर तर सहीचं पेन खिशातच ठेवायला जन्माला आलेले.

"बघू," म्हणत त्यांनी मधूनच एक फॉर्म ओढला. नंबर तेवीस, गोदाबाई. वर लिहिलेला मोबाइल नंबर त्यांनी सरळ फिरवला आणि स्पीकर लावला.

"सर, नको! तो त्यांच्या नवऱ्याचा आहे. घरात तेवढाच फोन. कुठं बोलणार नाही असा शब्द दिलाय मी."

"खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरतेस."

"कोन हाय?" पलीकडून गोदाबाईच्या नवऱ्याचा, रामरावांचा आवाज आला.

"कॉलेजातून बोलतोय. गोदाबाईंना द्या."

"तिच्यासंग काय काम? मी बोलून राहिलो ना."

सरांनी हजेरी घ्यावी तसा फॉर्म वाचून दाखवला. "तुमच्या मिसेसनी आमच्या विद्यार्थिनीला सांगितलंय, पोरीचा अभ्यास पाहायला मोबाइल घेतला तर नवरा हात उगारतो. खरं आहे का?"

रामराव फोन सोडून घरातच ओरडले, "काहून वं! घरातलं बाहेर सांगून राहिली तू?" भांडं आदळलं.

"मी काईच नाई सांगतलं! मायची आन! कोनी आलंच नोतं!"

"ऐकलंस?" सर हसले. "कोणी आलंच नव्हतं."

त्या हसण्याची प्रणालीला शिसारी आली. तिनं सरांच्या हातातून फोन ओढला.

"काकाजी, मी ते कालेजची पोरगी. काकूचं खरं हाय. मी आलीच नोती तुमच्या घरी. नंबर दुसऱ्याकडून घेतला अन् घरी बसून मनानंच लिवलं सारं. काकूले काई बोलू नका."

"लाज नाई वाटत, लोकाच्या घरचं खोटं लिवाले?" रामराव म्हणाले आणि फोन कटला.

सरांनी लाल पेन काढलं आणि एकेका फॉर्मवर फुली मारायला सुरुवात केली. तेविसावा फॉर्म टेबलावर बाजूला पडला होता. त्याच्या कोपऱ्यावर काळ्या मातीचा अंगठा उमटला होता. काय लिवलं दाखव बाई, म्हणून गोदाबाईनं कागद हातात घेतला होता, तेव्हाचा.

सरांचं लक्ष जायच्या आत प्रणालीनं त्यावर तळहात ठेवला.