गोदाम भरलेलं असतं

आमचे भावोजी मार्केटिंगमधले. जेवायला बसले की आम्हाला धंद्यातल्या ज्ञानाचे डोस पाजायचे. "'शेवटचा पीस' म्हणजे स्कार्सिटी, 'आजच या' म्हणजे अर्जन्सी. गोदाम भरलेलं असतं रे! गिऱ्हाइकाला फक्त विचार करू द्यायचा नाही."

ताईच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजच दाखल करा. एकच बेड शिल्लक आहे."

लिफ्टमध्ये भावोजींनी टाळीसाठी हात पुढे केला. "बघितलंस? एका दमात दोन्ही! चल घरी, उद्या बघू." ताईनेही हसून टाळी दिली.

काल तिच्या फोटोपुढे ठेवायला फुलं घ्यायला भावोजी आणि मी गेलो. फुलवाली म्हणाली, "शेवटचाच गुच्छ आहे, साहेब."

 

तिच्या मागे बादलीभर गुच्छ दिसत होते, तरी भावोजींनी घाईघाईने पाकीट काढलं.