भिरभिरं

जहाज गोदीला लागलं आणि पलीकडून प्रश्न आला, "कप्तान, ताग्यांची किनार आत दुमडली आहे ना?"

धाकटी स्क्रीनसमोर ताठ झाली. किनार आत दुमडायची पद्धत त्यांच्या घरच्या कापडदुकानाची. दुसरीकडे कुठे तिनं पाहिली नव्हती.

खेळ अंतराळातल्या व्यापाराचा. ज्यानं त्यानं आपलं सोंग घ्यायचं, सोंगातच बोलायचं. खरं नाव विचारलं की हकालपट्टी. 'भिरभिरं' हे मालवाहू जहाज दादाचं होतं. "खोट्या जहाजात खोटं कापड भरतोयस, त्यापेक्षा दुकानात बस," असं बाबा एकदा कडाडले. शब्दानं शब्द वाढला आणि दादा घर सोडून गेला. नंबरही बदलला. बाबांनी त्याचं नाव टाकलं.

पडून राहिलेलं जहाज खेळातून काढून टाकतात. पासवर्ड धाकटीला ठाऊक होता. तीच गुपचूप ते चालवत राहिली. थंड ग्रहांवर लोकर, धुळीच्या ग्रहांवर मलमल.

आणि आता हा 'गाठोडं' नावाचा व्यापारी. दादाच! दुसरं कोण?

"दुमडली आहे," तिनं लिहिलं. "घरची सवय."

मग, "जेवण वेळेवर होतं ना?"

"होतं. आणि तिथे?"

"होतं. चव लागत नाही."

तिचे डोळे भरून आले.

पुढे प्रत्येक बंदरात गाठोडं आधीच येऊन थांबलेलं असायचं. कापडाच्या निमित्तानं दोन शब्द व्हायचे.

एकदा जेवताना तिनं धीर केला. "बाबा, दादा आला तर?"

"भाजी वाढ," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात गाठोड्यानं विचारलं, "राग गेला?"

"कुणाचाच उरला नाही," तिनं बेधडक ठोकून दिलं. बाबांचं बघू नंतर. "रविवारी सकाळी भेटायचं? बसस्थानकासमोरच्या बाकावर."

"नक्की."

रविवारी आईला मैत्रिणीचं नाव सांगून ती निघाली. बाबा सकाळीच कुठे बाहेर पडले होते. सुटले मी, असं तिला वाटलं. शेवटचं वळण तिनं जवळजवळ पळतच घेतलं.

बाकावर बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. तिला पाहून दचकले, मग सरकून त्यांनी जागा केली.

"बस. आईला इतक्यात सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "दादा येतोय. त्यानंच बोलावलंय मला."