पाठुंगळी

आमच्या बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांचं शौर्यपदक आहे. युद्धात जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन, गोळ्यांच्या माऱ्यातून ते सात किलोमीटर चालत तळावर आले होते.

नातीला मात्र त्यांनी कधी पाठुंगळीला घेतलं नाही. "पाठ गेली गं माझी," म्हणतात आणि भरलेली बादली उचलून सरळ गच्चीवर नेतात. "लबाड आजोबा!" लेक ओरडते.

आज धाकट्याला ताप होता, म्हणून तिला बालवाडीतून आणायला तेच गेले. वाटेत तिच्या चपलेचा पट्टा तुटला. मग काय, बाईसाहेब चढल्या पाठीवर!

मी दार उघडलं तर बाबा घामाने निथळत उभे. त्यांच्या खांद्यावर लेकीची मान कलंडलेली, तोंड अर्धवट उघडं.

"झोपली वाटतं महाराणी! द्या इकडे, बाबा."

ते जागचे हलले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही.



"आधी तिला हाक मार, सूनबाई. तोही झोपलाय असंच वाटत होतं मला, तळावर पोहोचेपर्यंत."