सातवी बाटली

यादीतलं सातवं नाव वाचलं आणि विज्ञान शिकवणाऱ्या इंदुताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मर्क्युरिक क्लोराइड. पाऱ्याचं विष. चिमूटभर पोटात गेलं की माणसाचं आटोपलंच.

यादी आधीच्या मास्तरांच्या हातची होती, कपाटातल्या बाटल्यांची, डावीकडून ओळीनं. शाळेच्या शिपायाला, देवरावला, ती आत्ता मधल्या सुट्टीत जुन्या ट्रंकेच्या तळाशी सापडली होती. हीच मेली आठ दिवसांपूर्वी सापडली असती तर? प्रयोगशाळेच्या कपाटाला वाळवी लागली आणि तिनं सात बाटल्यांच्या चिठ्ठ्या फस्त केल्या. सातही बाटल्यांत पांढरी पूड. एकीवर अर्धी चिठ्ठी उरली होती, पण तिची शाई पसरून नुसता निळा डाग झालेला. सोमवारी तपासनीससाहेब यायचे होते. १९६१ साली घाटंजीकडच्या त्या गावात विज्ञानाचा वर्ग म्हणजे नवीच नवलाई. बिननावाच्या बाटल्या पाहून साहेबांनी वर्गच बंद करायला सांगितलं तर? इंदुताईंना आठवडाभर धड झोप नव्हती.

त्यात नेमसिंग देवासारखा धावून आला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत शाळेत येणारा, अकरावीतला मुलगा. त्याच्या आजोबांची, आबाजीची, उभी हयात बैलांच्या पाठीवर मीठ वाहण्यात गेली होती. "ही तुरटी बाई, हा सोरा," असं तो पटापट सांगे. पहिल्या दोन बाटल्या इंदुताईंनी स्वतः परीक्षानळीत तपासल्या. दोन्ही बरोबर निघाल्या. मग उरलेल्या त्यांनी डोळे झाकून त्याच्या हवाली केल्या आणि शाळाभर त्याचं कौतुक सांगत सुटल्या.

"प्रयोगशाळेत बसलाय तो. सातवीला हात लावू नको म्हणून त्याला सांगून येते," यादी घेऊन त्या उठल्या. "पोरगा मोठा हुशार, देवराव. त्याला नळीसुद्धा लागत नाही."

"नळी कायले लागते बाई?" देवराव हसला. "तो तं चाखून सांगते. जिभेवर ठेवते अन् थुकते. मी रोज पाहून राह्यलो."

इंदुताईंनी यादी कमरेला खोचली.

"अंडी आण," त्या म्हणाल्या.

"शाळेत अंडी, बाई?"

"अंडी आण, दूध आण, जे हाताला लागेल ते आण. या विषावर तोच उतारा. पळ!"

प्रयोगशाळेपर्यंतचं मैदान एरवी दोन मिनिटांचं. आज ते संपेना. हुतूतू खेळणारी पोरं बाईंना धावताना बघून थबकली. पदर खांद्यावरून घसरला, तो त्यांनी तसाच मुठीत धरला. त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या. मूर्ख बाई, दोन नळ्या तपासल्यास आणि पाच बाटल्या पोराच्या जिवावर सोडल्यास! त्याला एकदा तरी विचारलंस का, की तू ओळखतोस कसं?

नेमसिंग खिडकीशी उभा राहून चूळ भरत होता. टेबलावर सहा बाटल्यांना ओल्या खळीच्या नव्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. सातवी त्याच्या हाताशी होती.

"नेमसिंग, काय चाखलंस?"

त्याची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. तिथं इंदुताईंच्याच अक्षरात नियम होते. पाचवा नियम लाल खडूनं लिहिलेला: प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ चाखू नये. तो मोडणाऱ्याला वर्गाबाहेर काढीन, असं त्यांनी जूनमध्येच बजावलं होतं.

"काई नाही बाई."

"सातवी चाखलीस?"

"नाही बाई. मी काईच नाही चाखलं."

त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. पोरगा खोटं बोलत होता, हे उघड होतं. पण कुठपर्यंत खोटं? सहाव्या बाटलीपर्यंत की सातवीपर्यंत? इंदुताईंनी त्याची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जीभ नेहमीसारखीच दिसली. त्यांना काही कळेना. त्याला जितकं दरडावावं तितका तो आणखी मिटत होता, आणि वेळ निघून चालला होता. हा धाक त्यांनीच घातलेला, आता तोच त्यांच्या आड आला होता.

त्यांनी स्टुलावर चढून फळा खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा घातला.

"हे बघ बाळा. तुला मारणार नाही, वर्गाबाहेर काढणार नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. या बाटलीत विष आहे. आता खरं सांग."

नेमसिंगनं पालथ्या फळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सहा चाखल्या बाई. आबाजीनं शिकवलं तशा. सातवी नाही चाखली."

"का नाही चाखलीस?"

त्याच्या आवाजात आता भीती नव्हती. त्यानं बाटलीला हात न लावता नुसतं बोट दाखवलं. अर्ध्या चिठ्ठीच्या कुरतडलेल्या, पूड लागलेल्या कडेला वाळवीचे किडे मरून, सुकून चिकटले होते. दहा-बारा असतील. बाकीच्या सहा बाटल्यांवर एकही मेलेला किडा नव्हता.

"आबाजी मिठाची गोण पहिले बैलापुढं धरे," नेमसिंग म्हणाला. "बैलानं तोंड लावलं नाही तं आबाजीबी जीभ लावत नव्हता. इथं बैल कुठचा बाई, म्हून मी वाळवी पाह्यली."