धाकूचा आग्रह

बोरिवलीच्या धाकूला "जेवूनच जा" या शब्दांची चीड यायची, कारण ते त्याच्याच तोंडून निसटायचे. पासष्ट सालच्या एका दुपारी रेशनचा तांदूळ संपला होता. चुलीवर नवराबायकोपुरतीच पेज रटरटत होती. तेवढ्यात गावचे बळवंतमामा टपकले. "तोंड उघडलंत तर बघा," रुक्मिणी नवऱ्याच्या कानात पुटपुटली. मामांनी पाणी पिऊन वहाणा चढवल्या. "येतो रे." सुटलो म्हणत धाकू दारापर्यंत गेला आणि जीभ घसरलीच. "असं कसं मामा? जेवूनच जा!" "एवढा आग्रह करतोस तर..." मामांनी वहाणा काढल्या. "कोपऱ्यावर टांग्यात मामी नि पोरं बसलीत, बोलावतो." मी शेजारीच राहायचो, खोटं कशाला सांगू? पातेलं खरवडून झाल्यावर घोड्यानंही खिडकीतून मान आत घातली. धाकूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण बोटांच्या फटीतून आलंच: "लाजू नकोस, आपलंच घर समज!"