तीन होकार

नागेशने फॉर्मवर तारीख घातली, १२ मार्च १९९७. पहिला प्रश्न विचारण्याआधीच आप्पांनी त्याला अडवलं.

"हिला याड लागलंय असं लिवा सायब. म्हंजी मला दुसरी करता यील."

साठीच्या सारजाने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती पोत्यावर नागेशसमोर बसली होती. घरातल्या बाईमाणसाला काही विचारायचंय, एवढंच त्याने आल्यावर सांगितलं होतं. मागे चुलीपाशी सून रोहिणी पाठ करून भाकरी थापत होती.

शेळगावच्या या वस्तीवर पूर्वी मेंढरं होती, आता मका होता. नागेशचं घराणंही सुप्याकडचं, मेंढरांचंच. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेने त्याला मनाच्या आजारांच्या पाहणीसाठी घेतलं होतं. तीन उत्तरं 'होय' आली की बाईला न्यायला बारामतीच्या डॉक्टरांची गाडी यायची, ही बातमी वस्तीवर त्याच्या आधीच पोचली होती. प्रश्न परदेशातून आलेले. समाजाच्या रीतीत बसतं ते आजार म्हणून मोजू नये, ही सूचना नागेशनेच भांडून घालायला लावली होती. त्याच्या चुलतीला असल्याच एका कागदावरून वेडी ठरवून माहेरी धाडलं होतं.

झोप लागते का, त्याने विचारलं. भाकरीची थाप थांबली. लागत नाही, सारजा म्हणाली. थाप सुरू झाली. लांडग्याच्या धास्तीने जागणाऱ्या बायका त्याने लहानपणी पाहिल्या होत्या. त्याने 'रीत' असं लिहिलं.

कुणी नसताना हाक ऐकू येते का? पुन्हा थाप थांबली. येते, ओढ्याकडून, गेलेल्या लेकराची. लेकरू कधी गेलं, हे त्याने विचारलं नाही. त्याची आजीही गेलेल्यांशी बोलायची. 'रीत.'

"जीव नकोसा वाटतो?"

सारजाने वळून चुलीकडे पाहिलं. मग आप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "वाटतो."

नागेशने 'होय' लिहिलं. म्हातारी माणसं देवाला रोजच म्हणतात, उचल आता. त्याने 'होय' खोडून 'रीत' लिहिलं. बेरीज शून्य आली.

आता हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. त्याने फाइलची नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली.

आप्पा तंबाखू थुंकायला बाहेर गेले, तसं सारजाने त्याचं मनगट धरलं. गाडी कधी येणार, तिने विचारलं.

नागेश हसला. "गाडी कशाला, आत्या? तुमाला काय बी झालेलं न्हाय."

"मला कुठं काय झालंय?" सारजा म्हणाली. "सासऱ्यापुढं सून तोंड उघडंल व्हय? तिचंच सांगत हुते मी."