पाचवं नाव

"निकाह झाला नव्हता ना?" हाशिमने पुन्हा तेच विचारलं.

नेत्राचं डोकं भणभणलं. तिचा नवरा फारिस वारून अजून महिना झाला नव्हता आणि त्याच्या देशातून आलेले हे दोघे अमेरिकेत, शॉमबर्गच्या तिच्या घरात बसून तिचं लग्न तपासत होते. म्हातारा हाशिम राजवाड्यातला जुना माणूस. फारिस त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. शेजारचा तरुण कारकून सगळं लॅपटॉपवर टिपून घेत होता.

फारिसचे वडील तिथले सुलतान. ते अंथरुणाला खिळले होते आणि वारसांची यादी नव्याने बनत होती. नियम सरळ होता. गादी मुलांकडे आणि मुलांच्या मुलांकडे. पण आईवडिलांचा निकाह जन्माआधी झालेला हवा. नसेल, तर मूल यादीबाहेर.

फारिसने तिच्याशी कोर्टात लग्न केलं होतं. निकाहचा विषय काढला की तो उठून जायचा. नागपूरच्या मुलीला बायको म्हणायची त्याला लाज वाटते, असं तिच्या मनाने घेतलं. ईशान पोटात असताना तिने हट्टच धरला. "मी कलमा पढते, पण मला एकदा तुझ्या घरची म्हण." शेवटी तो नमला. इमामसाहेबांना घरी बोलावून दोन साक्षीदारांसमोर निकाह झाला. दुसऱ्याच दिवशी फारिसने निकाहनाम्याचा कागद मागितला. तिने दिला नाही.

"नसेल झाला तर तसं सांगा, बाईसाहेब," हाशिम म्हणाला. "कुणी नावं ठेवणार नाही. आम्ही लगेच निघू."

नऊ वर्षांचा अपमान तिला आता सोसवेना. ती आत गेली आणि निकाहनामा आणून तिने टेबलावर ठेवला.

"झाला होता. माझा ईशान सुलतानांचा नातू आहे. घ्या लिहून."

हाशिमचा हात पोचायच्या आत कारकुनाने कागद उचलला, मोबाइलवर फोटो काढला. "यादीत पाचवा," असं म्हणून तो फोन लावत बाहेर गेला.

हाशिम डोळे मिटून बसला होता.

"पहिले चार कोण?" नेत्राने विचारलं. तिचा आवाज अजून चढलेलाच होता.

"फारिसच्या वारलेल्या थोरल्या भावांची मुलं. यादीत नाव चढलं आणि एकाची गाडी दरीत गेली. दोघे रात्री जेवून झोपले, ते उठलेच नाहीत. एक उरलाय, त्याला लपवून ठेवलंय." म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. "निकाह झालाच नाही, असं फारिसने मला शपथेवर सांगितलं होतं, पोरी. मुलगा वाचावा म्हणून तो खोटी शपथ घेऊन मेला."

नेत्रा अनवाणीच बाहेर धावली. कारकून गाडीपाशी उभा होता. तिला पाहून त्याने फोन खिशात टाकला आणि अदबीने मान झुकवली.

"अभिनंदन, बाईसाहेब. नाव पोचलं."